क्रमांक नव्हे, अंश विचारा

नव्या संचातला सात नंबरचा आयर्न मारून पाहिला, चेंडू नेहमीपेक्षा पंधरा यार्ड लांब गेला, की गोल्फर खूश! पण मंडळी, कोणत्या क्रमांकाला किती लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाला किती उतार, असा नियम गोल्फमध्ये नाहीच. १९७०च्या दशकात सात नंबरचा लॉफ्ट आजच्यापेक्षा बराच जास्त असे. आज कित्येक संचांत तो २८ ते ३० अंशांचा असतो. थोडक्यात, जुना पाच नंबरच, नवं नाव घेऊन आलेला.

वजन तळाशी असल्याने नवा क्लब चेंडू उंच उडवतो, हे मान्य. तरी दहा ते वीस हँडिकॅपच्या खेळाडूचा स्विंग संथ असेल, तर चेंडू ग्रीनवर पडतो आणि घरंगळत पलीकडे जातो.

खरी अडचण वेजपाशी. संचातला पिचिंग वेज ४३ अंशांचा, पिशवीतला सँड वेज ५६चा. मधल्या अंतराला पूर्ण फटका मारावा असा क्लबच नाही! तिथे ४८ आणि ५२चे वेज घ्यावेत. नियमाने चौदाच क्लब नेता येतात, तेव्हा चार नंबरचा आयर्न खुशाल घरी ठेवा. एरवीही तो मध्यम खेळाडूचं ऐकतो कुठे? पैसे मोजण्याआधी विक्रेत्याकडे लॉफ्टचा तक्ता मागून घ्या.