गाठीचा तुकडा, दोन बाटल्या

किनवट-देगलूरकडे काय, निलंगा-औशाकडे काय, पोराच्या मानेतली गाठ महिना उलटला तरी बसेना, संध्याकाळी ताप चढू लागला, वजन घटलं, की घरात ‘कॅन्सर’ हा शब्द कुणी उच्चारत नाही; पण बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलचा नाहीतर परळच्या टाटाचा पत्ता मात्र विचारला जातो. भीती खोटी नाही, लिम्फोमा या कॅन्सरचीही लक्षणं हीच. तरी आपल्याकडे अशा गाठीमागे क्षयरोग असण्याची शक्यता मोठी. जुनी माणसं जिला गंडमाळ म्हणतात, ती बहुधा हीच. साधारण ६ महिन्यांच्या औषधांनी ती बरी होते, आणि ही औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

हाडाचा मामला अधिक फसवा. हाडात जंतुसंसर्ग मुरला की एक्स-रेत हाड कुरतडल्यासारखं दिसतं, वर नव्या हाडाचे पापुद्रे चढतात. युइंग सार्कोमा या कॅन्सरमध्येही अगदी असंच होतं. त्यातही ताप येतो, ईएसआर वाढतो, सुईतून पुवासारखा द्रव येऊ शकतो. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते, आणि कॅन्सरला संसर्ग समजून महिने घालवणं तर फारच महागात पडतं.

बॅसिडिओबोलस नावाची एक बुरशी कुजलेल्या पाचोळ्यात, बेडूक-सरड्यांच्या विष्ठेत असते. तिच्यामुळे मुलांच्या मांडीवर, कुल्ल्यावर लाकडासारखी टणक, सहसा न दुखणारी सूज पसरत जाते. ती सार्कोमाच वाटते. पण पोटॅशियम आयोडाइड किंवा इट्राकोनाझोल काही महिने दिलं की बहुधा ओसरते.

कॅन्सर की संसर्ग, याचा निकाल नुसत्या स्कॅनवर लागत नाही, तुकडाच तपासावा लागतो. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या समजुतीने कितीतरी घरं इथेच अडतात, याचं फार वाईट वाटतं. जपायचं ते वेगळंच आहे. तुकडा घेण्याआधी स्टेरॉइड दिलं, तर लिम्फोमाची गाठ काही दिवस विरते आणि रिपोर्ट गोंधळतो. हाडाच्या गाठीत तुकडा कुठून घ्यायचा, हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवावं.

आणि बाटल्या दोन हव्यात. फॉर्मॅलिनमध्ये पेशी टिकतात, पॅथॉलॉजिस्टला कॅन्सर ओळखता येतो. पण जंतू मरतात, मग कल्चर लावता येत नाही. म्हणून त्याच तुकड्याचा एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये, फॉर्मॅलिनविना, वेगळा पाठवायचा. त्यावर क्षयाची सीबीनॅट तपासणी होते, ती यंत्रात सुमारे २ तासांत उत्तर देते; क्षयाच्या कल्चरला ६ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. बुरशीचं कल्चरही त्याच भागावर लागतं.

पुष्कळदा बाटली नातेवाइकांच्याच हाती देऊन लॅबला धाडतात. तेव्हाच विचारावं, ‘डॉक्टर, दुसरी बाटली कुठंय?’ नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय असो की लातूरची विलासराव देशमुख संस्था, पॅथॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी हे दोन्ही विभाग तिथे आहेत. मुंबईच्या गाडीचं तिकीट काढण्याआधी हे दोन रिपोर्ट हाती असावेत. आणि कॅन्सर निघालाच, तर मग एक दिवसही थांबू नये.