सरस्वतीपूजन आणि एक विद्यार्थिनी

आज दसरा. अंबादेवीच्या अमरावतीत आणि अवघ्या वऱ्हाडात घरोघरी पाटी-पोथ्यांवर गंधाक्षता वाहिल्या जातील. अशा दिवशी आम्हां कीर्तनकारांस पंडिता रमाबाईंचे स्मरण व्हावे, याचे कित्येकांस नवल वाटेल.

पुराणिकाची ही कन्या मातृमुखातून संस्कृत शिकली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ही बिरुदे दिली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचे शल्य आमच्या मनात आहे. ते लपविण्यात अर्थ नाही. परंतु ‘सरस्वती’ म्हणविलेली ही विधवा, पदरी लहान लेक असता, चेल्टनहॅमच्या विद्यालयात पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसली, आणि तेथेच संस्कृत शिकवूही लागली!

पुढे केडगावी, पंचेचाळिशी उलटल्यावर, बायबल मुळावरून मराठीत आणावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास मांडला. त्या वयात परक्या लिपीची मुळाक्षरे गिरविणे म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. आमची तर जुनी पाठांतरेच आता निसटतात. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. त्यांचे संपूर्ण भाषांतर १९२४ साली छापून निघाले.