उजळणीचे गणित

परीक्षेच्या आदल्या रात्री जागून घोकलेली कविता सकाळी मुखोद्गत असते. परंतु आठवड्याने तिची दुसरी ओळही आठवत नाही. असे का व्हावे?

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने या प्रश्नाचा मागोवा स्वतःवरच प्रयोग करून घेतला. परिचित अर्थ स्मरणाला हात देतो. म्हणून त्याने निरर्थक अक्षरगटांच्या माळा रचल्या आणि त्या पाठ केल्या. किती कंटाळवाणा हा उद्योग! १८८५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाठ झालेली माळ तासाभराने पुन्हा पाठ करू जाता मूळच्या निम्म्याहून अधिक श्रम पडत. त्याहून मोलाची गोष्ट निराळीच होती. बारा अक्षरगटांची माळ आदल्या दिवशी सलग ६८ वेळा म्हटल्याने दुसऱ्या दिवशी जो लाभ होई, तोच आधीच्या तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी होई. दिवेलागणीस रोज नातवंडांकडून परवचा म्हणवून घेणाऱ्या आजीआजोबांना हे आकडे ठाऊक नव्हते. पद्धत मात्र हीच होती.

जिज्ञासू विद्यार्थ्याने सारख्या लांबीच्या दोन कविता घ्याव्यात. एक एकाच बैठकीत, दुसरी तेवढ्याच आवर्तनांनी तीन दिवसांत पाठ करावी, आणि आठवड्याने दोन्ही पुस्तक मिटून लिहून पाहाव्यात.