विमानाची फासळी आणि कारागिराचे हात

फासळी म्हटली की डॉक्टरला छातीचा एक्स-रे आठवतो. पण विमानाच्या पंखातही फासळ्या असतात. माणसाची फासळी मोडली, तर ती बहुतेक वेळा सहा आठवड्यांच्या आसपास आपोआप सांधते. पंखातल्या फासळीला ही सोय नाही. तिचा सांधा जन्मतःच पक्का असावा लागतो.

स्वतःचे विमान घरी बांधणे हा अमेरिकेतला जुना छंद आहे. मिनेसोटा राज्यातल्या बर्नार्ड पिटेनपोल यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस लाकूड आणि कापडाचे दोन आसनी विमान बांधले आणि त्याला फोर्ड मोटारीचे इंजिन बसवले. त्यांच्या आराखड्यावरून लोक आजही विमाने बांधतात. अनेकांची सुरुवात फासळ्यांपासून होते, कारण हे काम टेबलावर बसून करता येते.

स्प्रूस या हलक्या, सरळ रेषांच्या लाकडाच्या बोटापेक्षा बारीक पट्ट्या कापतात. फळीवर खुंट्या ठोकून पंखाच्या आकाराचा साचा करतात. वरची-खालची पट्टी वाकवून त्यात बसवतात, मध्ये तिरके आधार देतात आणि प्रत्येक सांध्यावर पातळ प्लायवूडचा तुकडा चिकटवतात. वजन अगदी कमी, पण पंखावरचा हवेचा भार याच फासळ्या मुख्य तुळयांपर्यंत पोहोचवतात. ताकद खिळ्यांत नसते, चिकटवलेल्या सांध्यात असते. म्हणून जाणकार माणूस प्रत्येक वेळी कालवलेल्या इपॉक्सीने एक नमुन्याचा सांधा करतो आणि तो वाळल्यावर मुद्दाम मोडतो. लाकूड फाटले तर सांधा पास. चिकटवलेली जागा सुटली तर नापास.

ही खबरदारी उगाच नाही. 31 मार्च 1931 रोजी अमेरिकेत कॅन्सस राज्यात लाकडी पंखाचे एक फोकर प्रवासी विमान पंख तुटून कोसळले. फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्यासह आठ जण दगावले. पंखात ओल शिरून आतले चिकटवलेले सांधे कमकुवत झाले होते आणि बाहेरून ते दिसत नव्हते.

आता बनवणाऱ्याच्या शरीराकडे वळू. आज सांध्यांसाठी बहुधा इपॉक्सी वापरतात. राळ आणि हार्डनर कालवले की ते घट्ट होते आणि पूर्ण घट्ट झाल्यावर फारसे त्रासदायक नसते. ओले असताना मात्र ते कातडीला लागत राहिले, तर शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकते. हे काही दिवसांत घडेल किंवा काही वर्षांनी. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते. मग थेंबभर इपॉक्सीनेही हातावर खाज, पुरळ, पाण्याचे फोड येतात, पापण्या सुजतात. मलमाने पुरळ बसते, अ‍ॅलर्जी जात नाही. अर्धे विमान बांधून झालेल्या माणसाला काम सोडावे लागू शकते.

दुसरा धोका लाकडाच्या धुळीचा. 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये हाय विकम परिसरातल्या फर्निचर कारागिरांमध्ये नाकाचा एक दुर्मीळ कर्करोग जास्त आढळतो, हे एस्मे हॅडफिल्ड यांच्यासारख्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या लक्षात आले. पुढे 1995 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली. सुटीच्या दिवशी काम करणाऱ्या छांदिष्टापेक्षा आयुष्यभर धुळीत काम करणाऱ्याला हा धोका कितीतरी जास्त.

विमान आपल्यापैकी फार थोडे बांधतील. पण फर्निचरचा कारखाना प्रत्येक गावात आहे आणि घरोघरी इपॉक्सी ओतून दागिने, ट्रे, घड्याळे बनवण्याचा छंद पसरतो आहे. काळजी दोन्हीकडे तीच. इपॉक्सीसाठी नायट्राइलचे हातमोजे घाला, डाग पडताच बदला. कातडीला लागले तर थिनरने पुसू नका, साबण-पाण्याने धुवा. अर्धवट वाळलेले इपॉक्सी घासू नका. घासकाम करताना एन-95 मास्क लावा आणि धूळ झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. एकाच बाजूचे नाक सतत चोंदत असेल किंवा त्यातून वारंवार रक्त येत असेल, तर सर्दी समजून बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. तुम्ही सुतारकाम करता, हे त्यांना आवर्जून सांगा.

फासळी बिघडली तर ती फेकून दुसरी करता येते. सांध्याची परीक्षा घेणाऱ्याने स्वतःच्या हातांची आणि श्वासाचीही तेवढीच काळजी घ्यावी.