सहा साधनांचा राजा

10 ऑगस्ट 2016, रिओ. सहापैकी पाच साधने झाली होती आणि युक्रेनचा ओलेग वेर्न्यायेव 0.901 गुणांनी पुढे होता. पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्सच्या सर्वसाधन अंतिम फेरीत ही आघाडी म्हणजे जवळजवळ पदक खिशात. उरला होता फक्त हॉरिझॉन्टल बार. जपानच्या कोहेई उचिमुराने तिथे 15.800 गुण घेतले आणि उतरला तो रोवल्यासारखा. दुखरी पाठ घेऊन. वेर्न्यायेव उतरताना किंचित हलला, त्याला 14.800 मिळाले. फरक 0.099! उचिमुराचे हे लागोपाठ दुसरे ऑलिम्पिक सर्वसाधन सुवर्ण.

पत्रकार परिषदेत कुणीतरी उचिमुराला विचारले, पंचांची तुमच्यावर मर्जी आहे का? त्या प्रश्नावर वेर्न्यायेवच भडकला. नुकताच हरलेला माणूस जिंकलेल्याची बाजू घेतो, यात उचिमुराचा दबदबा कळतो.

आपल्याकडे त्या ऑगस्टमध्ये जागरणे झाली ती दीपा कर्माकरच्या व्हॉल्टसाठी, आणि ती योग्यच होती. त्या गडबडीत उचिमुरा मात्र आपल्या नजरेतून निसटला.

त्याचा जन्म 1989 चा, किताक्युशूचा. वाढला नागासाकीतल्या इसाहायात. आईवडील दोघेही जिम्नॅस्ट, त्यांचा स्वतःचा क्लब. पंधराव्या वर्षी तो सरावासाठी तोक्योला गेला. 2008 च्या बीजिंगमध्ये सर्वसाधन फेरीत पॉमेल हॉर्सवरून पडूनही त्याने रौप्य मिळवले. भाजीचा तिटकारा आणि चॉकलेटचे वेड असलेला हा मुलगा आहारतज्ज्ञांची डोकेदुखी असावा.

पुढची आठ वर्षे त्याची. 2009 ते 2015 या काळात झालेल्या सहाही जागतिक स्पर्धांत सर्वसाधन सुवर्ण, मध्ये लंडनचे आणि शेवटी रिओचे ऑलिम्पिक. या विक्रमाचे मोल कळायला गुणपद्धती बघावी लागते. दहापैकी दहाचा जमाना 2006 मध्ये संपला. काठिण्याचे आणि सफाईचे गुण वेगवेगळे मोजून बेरीज होऊ लागली. मग अनेकांनी काठिण्य वाढवले आणि सफाई गमावली. उचिमुराने दोन्ही सांभाळले, तेही सहा साधनांवर. फ्लोअरला पायांची उसळी लागते, रिंग्जला खांद्यांची ताकद, पॉमेल हॉर्सला अखंड लय; एकाचा फायदा दुसऱ्याला होईलच असे नाही.

तरी वैयक्तिक सुवर्णांपेक्षा त्याला सांघिक सुवर्णाची ओढ जास्त. 2012 ला लंडनमध्ये त्याच्याच पॉमेल हॉर्सवरच्या शेवटाचे गुण आधी कापले गेले आणि जपान चौथ्यावर घसरला; दाद मागितल्यावर रौप्य हाती आले. 2015 ला ग्लासगोत 37 वर्षांनी जागतिक सांघिक सुवर्ण, आणि रिओत ऑलिम्पिकचेही. रिओच्याच वर्षअखेर तो व्यावसायिक झाला.

मग शरीराने हिशेब मागितला. 2017 ला मॉन्ट्रियलमध्ये व्हॉल्टवर घोटा दुखावला, मालिका तुटली. खांदे सहा साधनांचा भार पेलेनात, म्हणून तोक्यो ऑलिम्पिकसाठी त्याने एकच साधन निवडले, हॉरिझॉन्टल बार. 2021 च्या जुलैमध्ये पात्रता फेरीतच तो त्यावरून निसटला. सर्वसाधन सुवर्ण नेले 19 वर्षांच्या दाईकी हाशिमोतोने. ऑक्टोबरमधली जागतिक स्पर्धा मात्र किताक्युशूत, उचिमुराच्या जन्मगावी होती. तिथे त्याचे उतरणे पुन्हा निर्दोष झाले. क्रमांक आला सहावा.

मार्च 2022 मध्ये तोक्योत निरोपाचा कार्यक्रम झाला. एकट्या बारवर तो सहज भागवू शकला असता. त्याने सहाही साधनांवर कसरती केल्या.