चकाकणारे ठिपके आणि क्षयाचे जंतू

तळवड्याच्या एका कारखान्यात मॅग्नाफ्लक्सवर काम करणारा एक तरुण गेल्या हिवाळ्यात माझ्या दवाखान्यात आला. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी कणकण, पँट कमरेला ढिली झालेली. मूळचा परभणीकडचा, आणखी चौघांबरोबर एका खोलीत राहणारा. एका खासगी लॅबमध्ये थुंकी तपासायला पाठवली. रिपोर्टवर शब्द होता ‘स्कँटी’, म्हणजे जंतू दिसले, पण अगदी मोजके. वैशाखात त्याचे लग्न ठरले होते.

“साहेब, मोजके म्हणजे आहेत का नाहीत?” त्याने विचारले. प्रश्न सरळ होता, उत्तर तितके सरळ नव्हते.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे मांडला. पाचच वर्षांनी आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी याच रोगाने पुण्यात गेल्या. त्या काळात निघालेली लाल रंगाची तपासणी आजही चालते. पण अनेक ठिकाणी आता ऑरामाइन नावाचा रंग वापरतात. जंतूच्या अंगावर मेणासारखे कवच असते, ते हा रंग धरून ठेवते. आम्लाने धुतले तरी सोडत नाही. मग निळ्या प्रकाशाखाली काळ्या पार्श्वभूमीवर जंतू हिरवट-पिवळे चकाकतात. पूर्वी यासाठी महागडा पाऱ्याचा दिवा आणि अंधारी खोली लागे. एलईडी दिवे आल्यावर ते सोपे झाले आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची शिफारस केली. लाल रंगाच्या तपासणीपेक्षा यात वेळ बराच कमी लागतो आणि थोडे जास्त रुग्ण सापडतात.

हे सांगितल्यावर तो तरुण म्हणाला, “आमच्याकडे हेच की! जॉबवर पावडरचं पाणी सोडायचं, पडद्याआड काळ्या लाइटखाली धरायचं. क्रॅक असला तर हिरवी रेघ चमकते. पण साहेब, कोपऱ्यात पावडर साचली तरी चमकते. कापडाचा धागा पण चमकतो.”

मला हेच समजवायचे होते, आणि ते त्यानेच मला समजावले. काचपट्टीवरही कचरा चकाकतो. रंगाचे कण, धूळ, तंतू, सगळेच.

टेक्निशियनला सवय चांगली होती. त्याने मोबाइल नेत्रिकेला लावून त्याच दिवशी फोटो काढून ठेवले होते. माझी पुतणी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते, ती त्या सुमारास घरी आली होती. तिने ते फोटो इमेजजे नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडले. फोटोतल्या प्रत्येक बिंदूच्या उजेडाला शून्य ते २५५ असा आकडा असतो. ठिपक्यावरून आडवी रेघ ओढली, की रेघेवरचे आकडे ओळीने मिळतात: समजा २०, २२, ७०, १७०, २१०, १६५, ६८, २१. कागदावर मांडले तर टेकडी दिसते. काळी दिसणारी जागाही शून्य नसते, म्हणून ते वीस आधी वजा करायचे. आणि फोटो फार उजळ काढला, तर टेकडीचा माथा २५५ वर कापला जातो, मग दोन ठिपक्यांची तुलना करता येत नाही.

ठिपक्याची कड धारदार का नसते? इंद्रायणीकाठच्या धुक्यात समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा आठवा. दिवा लहान, पण भोवतीचे वलय मोठे. इथे धुके नसते, पण अडचण प्रकाशाचीच. त्याची लहर सुमारे अर्ध्या मायक्रॉनची, आणि जंतूची जाडीही साधारण तेवढीच. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) त्यामुळे टेकडीच्या पायथ्यावरून जाडी मोजली तर फसगत होते, अर्ध्या उंचीवर मोजतात.

सात ठिपके होते. चार सगळ्या बाजूंनी सारखेच पसरलेले किंवा वेड्यावाकड्या कडांचे, ते कचरा वाटले. तीन मात्र आडव्या रेघेवर अरुंद आणि उभ्या रेघेवर लांबट, मधे मण्यांसारखे कमीजास्त उजळ. कांडीसारखा जंतू असाच दिसतो. तरबेज टेक्निशियनची नजर हेच काम आकड्यांशिवाय करते, हेही सांगितले पाहिजे.

खात्री करायला मी तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेलो. काचपट्टी ट्यूबलाइटखाली टेबलावर उघडी पडलेली. ठिपके जवळजवळ विझलेले! हा रंग उजेडात उडतो. काचपट्टी अंधाऱ्या डबीत ठेवायची आणि लवकर वाचायची असते. फोटो नसते, तर आमच्यापुढे नुसता काळोख होता.

पण तीन टेकड्यांवरून सहा महिन्यांचे औषध सुरू करणे मला पटेना. चकाकी जंतूचे नाव सांगत नाही. शिवाय सूक्ष्मदर्शकाला दिसायला एका मिलिलिटर थुंकीत पाच ते दहा हजार जंतू तरी लागतात, आणि त्या दिवशी त्याने बेडक्याऐवजी बरीचशी लाळच दिली होती, हे त्याने नंतर कबूल केले. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका घेऊन त्याला सरकारी केंद्रात पाठवला. तिथे जंतूची जनुके शोधणारी सीबीनॅट तपासणी झाली. ती मी आधीच करून घ्यायला हवी होती. क्षयाचे जंतू निघाले, रिफाम्पिसिनला दाद देणारे.

औषधे मोफत मिळाली. आहारासाठी महिन्याला हजार रुपये बँकेत जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते पाचशे होते. दोन महिन्यांनी थुंकीत एकही ठिपका नव्हता. लग्न वैशाखातून मार्गशीर्षात गेले, मुलीकडच्यांना त्याने स्वतःच खरे सांगितले.

खोलीतल्या चौघांपैकी तिघे तपासून गेले, तिघांचेही फोटो स्वच्छ. चौथा रात्रपाळीला असतो. रविवारी येतो म्हणाला आहे.