ऑफर लेटरवर सही करण्याआधी मुलांची इयत्ता बघा

पुण्या-नाशिकच्या घरात बंगळुरूची नोकरी आली की पहिली बेरीज पगाराची होते. पगार किती वाढला, भाड्यात किती जाईल, रुजू कधी व्हायचं. मुलांच्या शाळेचा विषय त्यानंतर निघतो आणि ‘तिथं काय शाळांची कमी आहे का’ एवढ्यावर मिटतो. हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. पगाराची गणितं पुढच्या वर्षी सुधारता येतात. नववी-दहावीत राज्य बदलल्याचा परिणाम मात्र थेट बारावीनंतर, प्रवेशाच्या रांगेत कळतो आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. त्यामुळे मुलांच्या संदर्भात जे गैरसमज घरोघरी ऐकू येतात, ते आधी घेऊ.

‘सीबीएसईची शाळा आहे, म्हणजे सगळीकडे सारखंच.’ गणित-विज्ञानापुरतं हे बरंचसं खरं आहे, भाषेपुरतं नाही. कर्नाटकाने कन्नड भाषा शिक्षण कायदा २०१५ मध्ये केला आणि २०१७-१८ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने तो लागू केला. सीबीएसई आणि आयसीएसई शाळाही त्यात आल्या. तेलंगणाने तेलुगूसाठी २०१८ मध्ये असाच कायदा केला, तमिळनाडूचा तर २००६ चा आहे. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये मराठी सक्तीची केली, तेव्हा यात कुणी तक्रार करण्यासारखं काही नाही. फक्त सातवीतल्या मुलीला कन्नडची मुळाक्षरं गिरवावी लागणार का, परराज्यातून आलेल्या मुलांना शाळा वेगळा वर्ग किंवा सवलत देते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. दुसरी गोष्ट, सीबीएसई नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे प्रत्येकी दोन वर्षांचे अखंड अभ्यासक्रम मानते. थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश हवा असेल, तर बदलीचं कारण आणि कागद दाखवून मंडळाची मंजुरी घ्यावी लागते.

लहान मुलांच्या आईवडिलांना वेगळाच धक्का बसतो. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला त्या वर्षी जूनमध्ये पहिलीत घेतात. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात. कर्नाटकाने १ जूनला सहा पूर्ण असा नियम आणला आणि २०२५-२६ पुरती त्यात एकदा सूट दिली. म्हणजे ऑक्टोबरमध्ये जन्मलेलं जे मूल इथं पहिलीत बसणार होतं, त्याला तिथं आणखी एक वर्ष बालवाडीत काढावं लागू शकतं. त्यात त्याचं काही बिघडत नाही. पण आजीने पहिलीचं दप्तर आणून ठेवलं असेल, तर घरात रुसवेफुगवे होतात.

‘दाखला मिळाल्याशिवाय प्रवेश नाही.’ शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ नुसार मुलाला राज्यात किंवा राज्याबाहेर, कोणत्याही कारणाने शाळा बदलण्याचा हक्क आहे. जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. मात्र हा हक्क सहा ते चौदा वयापर्यंतचा आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्यासाठीचा आहे. खासगी विनाअनुदानित शाळा आणि केंद्रीय विद्यालयं त्यात येत नाहीत. आपल्याकडचे बहुतेक जण बंगळुरूत खासगी शाळेतच जातात, म्हणून दाखला वेळेवर काढणं हाच शहाणपणा.

आणि तो हातात आला की तिथंच, शाळेच्या कार्यालयात उभं राहून वाचा. जनरल रजिस्टरचा नंबर, आईचं नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, शेवटी शाळा सोडण्याचं कारण. आधार कार्डावर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं, अंकी तारीख बरोबर आणि अक्षरी चुकलेली, असं सर्रास असतं. गावात असताना ही दुरुस्ती एका अर्जाने सुरू होते. राज्य सोडल्यावर त्यासाठी रजा टाकून यावं लागतं. परराज्यात जाणाऱ्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी अनेक शाळा मागतात, तीही निघण्याआधी घ्यावी. यूडायस प्लसवरचा मुलाचा कायम क्रमांक लिहून ठेवा. जुन्या शाळेने त्या पोर्टलवर मुलाला सोडलं नाही, तर नव्या शाळेला त्याची नोंद करता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा गैरसमज. ‘आपण मूळचे महाराष्ट्राचे, अधिवासाचा दाखला आहे, बारावीनंतर मुलगी परत इथं येईल.’ अभियांत्रिकीला हे चालतं. राज्याच्या सीईटीमधून होणाऱ्या प्रवेशात, मुलगी बाहेरून शिकली असली तरी तिचा स्वतःचा, आईचा किंवा वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास असेल, तर ती राज्याची उमेदवार धरली जाते. वैद्यकीयला चालत नाही. तिथं सरकारी महाविद्यालयांतल्या राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवास तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयातून उत्तीर्ण व्हावं लागतं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या आणि सैन्यदलातल्यांच्या मुलांना यात अपवाद आहेत. खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्यांच्या मुलांना नाहीत.

समजा मुलगी पुण्यात दहावी झाली आणि अकरावी-बारावी बंगळुरूत केली. बारावी बाहेरची, म्हणून महाराष्ट्राचा वैद्यकीय कोटा गेला. कर्नाटकाच्या कोट्यासाठी पहिली ते बारावीमधली किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेली लागतात, आणि दहावी किंवा बारावी तिथून उत्तीर्ण. हिची झाली दोन वर्षं. आईवडिलांपैकी एकाचं शिक्षण कर्नाटकात झालं असेल तर वेगळी वाट आहे, नाहीतर तोही कोटा गेला. तेलंगणात बारावीपर्यंतची सलग चार वर्षं लागतात. राहिल्या अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा, एम्ससारख्या केंद्रीय संस्था, आणि अभिमत विद्यापीठं व खासगी महाविद्यालयं, जिथली फी मध्यमवर्गीय घराला झेपत नाही. म्हणजे तेवढेच गुण मिळवून ही मुलगी आपल्या वर्गमैत्रिणींच्या मागे पडते, आणि ते केवळ स्थलांतराच्या वर्षामुळे.

हीच आकडेमोड आपल्या बाजूनेही वापरता येते. सहावी ते बारावी मोजा, बरोबर सात वर्षं होतात. सहावीच्या सुरुवातीला बंगळुरूत आलेलं आणि तिथंच बारावीपर्यंत राहिलेलं मूल कर्नाटकाच्या अटीत बसतं, सातवीत आलेलं बसत नाही. म्हणून पाचवी संपताना जाणं आणि सातवीत जाणं यांत फार मोठं अंतर आहे. हे नियम दरवर्षीच्या प्रवेश माहितीपुस्तिकेत छापलेले असतात आणि बदलतही असतात. आपल्या दोन्ही राज्यांच्या पुस्तिका काढून एक संध्याकाळ त्यांना द्या. आणि इथून निघण्याआधी अधिवासाचा दाखला तहसीलमधून काढून ठेवा. त्यासाठी महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात, ते इथं असताना गोळा करणं सोपं.

‘जातीचा दाखला आणि जातवैधता आहे, मग आरक्षण कुठेही मिळेल.’ या समजाची किंमत काही कुटुंबांनी मोजली आहे. आंध्रातल्या एका अनुसूचित जमातीचा मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे १९७८ मध्ये, नऊ वर्षांचा असताना मुंबईत आला, इथंच शिकला आणि वैद्यकीय प्रवेशाला जमातीच्या राखीव जागेवर अर्ज केला. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की अनुसूचित जाती-जमातींची यादी त्या-त्या राज्याच्या संदर्भात असते, म्हणून स्थलांतरानंतर नव्या राज्यात त्या राज्याचं आरक्षण मिळत नाही. महाराष्ट्रातून कर्नाटकात जाणाऱ्या मुलालाही हेच लागू. मूळ राज्यातलं स्थान जात नाही आणि केंद्र सरकारच्या संस्थांमध्ये, म्हणजे आयआयटी, एनआयटी, अखिल भारतीय कोटा इथं, त्या आधारावर आरक्षण मिळतं. वडिलांचा मूळ दाखला आणि वैधता प्रमाणपत्र म्हणूनच फार जपून ठेवायचे कागद आहेत.

‘मुलं काय, चार दिवसांत रुळतात.’ काही रुळतात. डेन्मार्कमध्ये १९७१ ते १९९७ दरम्यान जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी जितक्या जास्त वेळा गाव बदललं, तितकी पुढे मानसिक आजार, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यांची शक्यता वाढलेली दिसली. बारा ते चौदा या वयातल्या स्थलांतरांत ती सर्वाधिक होती, आणि सुस्थितीतल्या घरांमध्येही ती दिसली. स्थलांतरामुळेच हे झालं, असं असा अभ्यास सिद्ध करत नाही. एका बदलीने मुलाचं नुकसान होतं, असा अर्थ तर मुळीच काढू नये. पण तेराव्या वर्षी मित्र सुटणं ही आईवडिलांना वाटते त्याहून मोठी गोष्ट असते, एवढं मनावर घ्यावं. आपल्याकडे मुलांना सगळ्यात शेवटी सांगतात. मावशीला माहीत, शेजाऱ्यांना माहीत, आणि मुलाला रिक्षाकाकांकडून कळतं. मला हे फार लागतं. आधी त्याला सांगा, शाळा निवडताना सोबत न्या, आणि जुन्या दोस्ताला मेच्या सुट्टीत राहायला बोलवायचं कबूल करून ते पाळा.

भाषेबद्दलही असंच होतं. खाली खेळायला जाऊन मूल सहा महिन्यांत ‘बा इल्ली’ (इकडे ये) म्हणायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, आलं कन्नड. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलंय की बोलण्यापुरती भाषा एक-दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. कन्नडच्या पेपरात गुण कमी आले म्हणून त्या मुलाला आळशी ठरवू नका. आणि ‘गोंधळ नको म्हणून घरात इंग्रजीच बोला’ हा सल्ला कुणी दिला, तरी मानू नका. दोन-तीन भाषांनी मूल गोंधळतं, याला आधार नाही. उलट घरची भाषा पक्की असेल, तर नवी भाषा शिकायला मदतच होते. घरातली मराठी थांबली की फोनवरचं आजीशी बोलणं ‘हो-नाही’वर येतं, ते नुकसान नंतर भरून निघत नाही.

‘तिलाही तिकडे मिळेलच की काहीतरी.’ अर्थतज्ज्ञ जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्येच मांडलं होतं की कुटुंब एकत्रित फायदा बघून हलतं, आणि त्यात एकाचा तोटा सहज झाकला जातो. आपल्याकडे तो एक म्हणजे बहुतेक वेळा बायको. ती शिक्षिका असेल तर महाटीईटी महाराष्ट्रापुरती. केंद्रीय विद्यालयं आणि सीबीएसईच्या शाळांसाठी सीटीईटी धरतात. परिचारिका, वकील, डॉक्टर यांना नव्या राज्याच्या परिषदेकडे नोंदणी हलवावी लागते. तिच्या पगाराचा आकडा त्या पहिल्या बेरजेत धरा, एवढंच म्हणणं आहे.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात. पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या अनामतीची सवय असते. बंगळुरूत पाच ते दहा महिन्यांचं भाडं मागतात. चाळीस हजार भाडं म्हणजे दोन ते चार लाख अडकलेच, आणि घर सोडताना रंगकामाचा एक महिना कापून घेण्याची तिथं रीत आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. ही अनामत भरायला अनेक जण जुना पीएफ काढतात. तसं करू नका. यूएएनवरून तो नव्या खात्यात वर्ग करा. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, आणि वर्ग केलात तर जुनी सेवाही मोजली जाते. ‘अकरा महिन्यांचा करार, नोंदणी कशाला’ हे तिथं ऐकाल. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक करार नोंदवावा लागतो, म्हणून आपल्याला ते विचित्र वाटतं. तिथं निदान करारात अनामतीची रक्कम, ती परत करण्याची मुदत आणि रंगाचा आकडा लिहून घ्या.

गाडीबद्दल दोन टोकाचे समज असतात. एक, कर्नाटकाच्या हद्दीत शिरलं की लगेच कर. दुसरा, एमएच पाटी आयुष्यभर चालते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीची तिथं नव्याने नोंदणी करावी लागते, त्यासाठी इथल्या आरटीओचं ना हरकत पत्र लागतं. नव्या राज्याचा कर भरून नोंदणी झाली की महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. हा अर्ज बहुतेक जण करतच नाहीत. कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील, तर २०२१ पासून मिळणारी बीएच पाटी बघा. तिचा कर दोन-दोन वर्षांनी भरायचा असतो, आणि पुन्हा राज्य बदललं तरी नवी नोंदणी लागत नाही.

राहिला शेवटचा समज, रुजू होण्याच्या दिवशी सगळ्या घराने हललं पाहिजे हा. नोव्हेंबरमध्ये नोकरी लागली आणि मुलगा नववीत असेल, तर एकाने पुढे जाऊन बाकीच्यांनी वर्ष संपल्यावर जाणं यात कमीपणा काही नाही. त्यासाठी सही करण्याआधी कंपनीला मेलवर तीन गोष्टी विचारा. स्थलांतर भत्ता किती महिन्यांपर्यंत वापरता येईल, कुटुंब नंतर आलं तर सामानाचा आणि प्रवासाचा खर्च मिळेल का, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर त्यातलं किती परत द्यावं लागेल. उत्तरं लेखी घ्या, आणि मगच शाळेत दाखल्याचा अर्ज करा.